दुपट्ट्याखालचा हात

करार म्हणजे काय, असं विचारलं की आमचे पोट्टे लगेच "स्टॅम्प पेपर" म्हणतात. डोकंच फिरतं माझं. अरे बाबांनो, सकाळी टपरीवर चहा सांगता तोही करारच आहे, तिथं कोणता स्टॅम्प पेपर लावता? मी अमरावतीच्या एका कॉलेजात बीबीएच्या मुलांना करार कायदा शिकवते. राहते अकोल्याला, जठारपेठेत. रोज सकाळच्या गाडीनं जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. पहिल्या तासाला मी फळ्यावर काहीच लिहीत नाही. पिशवीतून माझ्या बाबांचा जुना पांढरा दुपट्टा काढते आणि दोन मुलांना समोर बोलावते.

एकाचा हात, दुसऱ्याचा हात आणि वरून दुपट्टा. आता बोला भाव, पण बोटांनी बोला, तोंड बंद. अमरावती-अकोल्यात शेतकऱ्यांची पोरं वर्गात असतातच, त्यांना बैलबाजारातला हा दुपट्ट्याखालचा सौदा माहीत असतो. तरी सगळे फिदीफिदी हसतात. मी सांगते, यानं बोटं दाबली, हा झाला प्रस्ताव. त्यानं वेगळी बोटं दाबली तर तो उलट प्रस्ताव, आणि पहिला तिथंच संपला. त्यानं तीच बोटं दाबली, तर स्वीकृती. याच्याकडून माल जाणार, त्याच्याकडून पैसा येणार, ते प्रतिफल. कोणी कोणाचा हात पिरगाळत नाहीये, ती मुक्त संमती. आणि दुपट्ट्याकडे बघा. खाली दोन हात आहेत म्हणून तो दोघांच्या मधे सपाट राहिलाय. एकानं हात काढला की दुपट्टा पडतो आणि सौदा मोडतो. कोणी रागावतसुद्धा नाही.

मग मी मरणावर येते. प्रस्ताव देणारा माणूस मेला तर प्रस्तावाचं काय? "खतम, मॅडम," असं सगळे एका सुरात म्हणतात. मी म्हणते, थांबा. तो मेल्याचं समोरच्याला कळलं, तर खतम. पण कळलंच नाही, आणि त्या अज्ञानात त्यानं होकार दिला, तर आपला कायदा तो होकार धरतो. मेलेल्याचा शब्द त्याच्या वारसांना पाळावा लागतो. यंदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "पन मॅडम, मंग होकार देल्ला कोनाले? त्याच्या हातात हात कोनाचा होता?"

मी म्हटलं, तास संपला. तास संपला नव्हता.

आमची संत्र्याची बाग परतवाड्याच्या पुढे आहे. बागेतच घर आहे. आई-बाबा तिथं राहायचे, दादा परतवाड्यात आणि मी अकोल्यात. बाबा कधी बाजार समितीत संत्री घेऊन गेले नाहीत. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग बघून जातो आणि अख्खा बहार घेतो. तोडणी त्याची, गाड्या त्याच्या. आमचा व्यापारी ठरलेला होता. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे राहणारे एक म्हातारे बागवान. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

चाचा यायचे, झाडाझाडाखालून फिरायचे, एखादं संत्रं नखानं टोकरून हुंगायचे. मग विहिरीजवळच्या मोठ्या झाडाखाली दोघं उभे राहायचे आणि बाबांच्या खांद्यावरचा दुपट्टा हातांवर यायचा. बाबांचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं, कडबाकुट्टीत गेलेलं. त्यावरून चाचा चिडवायचे, "तुमचं बोट अर्धं, म्हनून तुमी भाव दीडपट सांगता काय, बाप्पा?" सौदा ठरला की बाबा अंगठा समोरच्याच्या तळहातात जोरात रुतवायचे. झालं, असा त्याचा अर्थ. मला परीक्षेला सोडताना, सासरी पाठवताना त्यांनी हेच केलं होतं. तोंडानं फार बोलायचा माणूस नव्हता तो.

गेल्या वर्षी झाडं म्हातारी झाल्यासारखी दिसायला लागली. फांद्या वाळत होत्या, फळगळ वाढली होती. दादाचं म्हणणं सरळ होतं, बाग तोडू, जमीन प्लॉटवाल्याला देऊ, आई-बाबांनी परतवाड्याला माझ्याकडे यावं. दादा वाईट नाही. या वयात बाबांनी पाठीवर पंप घेऊन फवारणं त्याला बघवत नव्हतं. पण आईनं ऐकलं आणि तिचा चेहराच उतरला. "माहे सगळे दिवस या झाडाईत गेले. मी फ्लॅटात मरीन रे," असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली. शेवटी बाप-लेकांत ठरलं. दिवाळीच्या आत कोणी व्यापाऱ्यानं बाग घेतली, तर आई आहे तोवर झाडाला हात लावायचा नाही. नाही घेतली, तर जेसीबी. दोघांनी माझ्यासमोर कबूल केलं.

व्यापारी आले, झाडांकडे बघून तोंड वाकडं करून गेले. राहिले चाचा. बाबांनी मला निरोप देऊन जुन्या शहरात पाठवलं: "मागच्याच भावानं बाग घ्या, दिवाळीच्या आत येऊन हात द्या." चाचा डोळ्याला हात लावून म्हणाले, "बेटी, मले मानूस धुक्यावानी दिसून राह्यला. मोतीबिंदू काढतो पयले, मंग येतो. बापाले सांग, दुसऱ्याले नको देऊ."

तो आठवडा मी बागेतच होते, उत्तरपत्रिका तपासत. बाबा खाटेवर पडलेले, आई शेजारी मेथी निवडत होती. एका दिवट्यानं लिहिलं होतं, "मेलेल्या माणसाशी करार करता येतो, पण त्याला सांगू नये." मी हसून हसून बेजार झाले. बाबांनी कायदा काय म्हणतो ते विचारलं. मी सगळं नीट समजावलं. ते छताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हनजे मेल्यावरबी हात देता येते तर." आई एकदम खेकसली, "चुप राहा जी, काहीबाही बोलता!" मेथीच्या काड्या तिनं परातीत आपटल्या.

बाबा गेले ते दसऱ्याच्या जरा आधी, अमरावतीच्या दवाखान्यात. हृदयच थकलं होतं. शेवटी त्यांचा हात आईच्या हातात होता, पण अंगठा काही हलला नाही. आई वाट बघत होती हे मला दिसत होतं. मी तोंड फिरवलं.

बागेतले ते सुतकाचे दिवस मला अजून अंगावर येतात. माणसं होती, भांडी वाजत होती, पण झाडांमधून कसलाच आवाज येत नव्हता. संत्र्याच्या बागेत दुपारी बुलबुल असतात, खारी असतात. तेव्हा काहीच नव्हतं. पिकायला आलेली संत्री नुसती टांगलेली. एकदा मी विहिरीकडे गेले तर त्या मोठ्या झाडाखालचं गवत दबलेलं, कोणी बराच वेळ उभं राहावं तसं. गडी सुतकामुळे सुटीवर होता. मी कोणाला बोलले नाही. आईनं मात्र एकदा विचारलं, "चाचाले सांगतलं का व कोनी?" मी म्हटलं, त्यांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उगाच डोळ्यात पाणी नको म्हणून नाही कळवलं. आई म्हणाली, "बरं केलं." आणि उठून गेली.

दहाव्याला आम्ही नदीवर गेलो. आईच्या गुडघ्यांनी तिथवर येववत नव्हतं, ती एकटीच बागेत राहिली. पिंड ठेवला आणि आम्ही वाट बघू लागलो. कावळे होते. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसले होते, पण एक खाली येईना. ऊन चढलं. मंडळी सवयीनं सुरू झाली, "सांग, आईले सांभाळतो म्हनून." दादानं सांगितलं. कावळे बसूनच. "पोरीले माहेर राहीन म्हन." तेही सांगितलं. मग एक म्हातारे काका म्हणाले, "बागेचं बोल रे. बाग तोडत नाही म्हन."

दादा गप्प राहिला. हात जोडलेले, जबडा घट्ट. मी त्याच्या शेजारी उभी होते. मी आयुष्यभर शिकवत आले की गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, तर तेच वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं. दादा खोटं बोलणाऱ्यातला नाही. जे पाळायचं नाही ते तो बापाच्या पिंडालाही बोलणार नव्हता. मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला.

आणि मग काहीच न घडता सगळे कावळे एकदम उडाले. खाली आले, पिंडाला शिवले आणि निघून गेले. बाभूळ रिकामी झाली. कोणी काही कबूल केलं नव्हतं. "त्यायचं समाधान झालं बाप्पा," असं म्हणत काका उठले. दादा माझ्याकडे बघत होता. "काहून आले हे?" तो हळूच म्हणाला. मला काय माहीत!

आम्ही बागेत परतलो तर अंगणात खाटेवर चाचा बसलेले. काळा गॉगल, त्याखाली एका डोळ्यावर पट्टी, हातात चहाचा कप, चेहरा खुललेला. नातू परतवाड्यात काही कामाला थांबला होता, त्यानं जीपवाल्याला सांगून त्यांना फाटकाशी उतरवलं होतं. आमची चाहूल लागली तसे ते उठले. "या या. बाग घेतली बरं मी. तुह्या बापानं हात देल्ला. मानूस वाळला व लय, पन पकड तीच."

अंगणातलं एकही माणूस हललं नाही. दादाच्या डोक्याचं मुंडण त्यांना दिसत नव्हतं, आमचे ओले कपडे दिसत नव्हते. शेवटी मीच जवळ गेले. त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "चाचा, बाबा गेले. आज दहावा झाला."

ते हसले आधी. मग कप खाली ठेवायला गेले, तो खाटेच्या कडेला लागून पडला. "मजाक नको करू बेटी," ते म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हातात घेतला, उलटासुलटा चाचपला, जसा काही तो दुसऱ्याचाच होता. "अर्धं बोट होतं," ते म्हणाले. "मी त्याले चिडवलंबी. त्यानं अंगठा दाबला. इतं." तळहातावरची ती जागा ते दाखवत राहिले.

दादा भडकला. "कोनाले हात देल्ला तुमी? विकनाराच नाही तं सौदा कायचा?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, घरातली कायदेवाली म्हणून. आणि मी शिकवल्यासारखं बोलून गेले. प्रस्ताव बाबांचा होता, जिवंतपणी दिलेला, माझ्याच तोंडून पोचलेला. बाबा गेल्याचं चाचांना माहीत नव्हतं. मुदतीच्या आत येऊन त्यांनी होकार दिला. होकार कोणाकडे दिला, ते मला विचारू नका, पण शब्द बाबांचा आहे आणि तो तुझ्यावर आहे, दादा.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. तिनं मला कप दिला आणि मी तिचा हात पाहिला. करंगळीशेजारच्या बोटाभोवती लाल करकोचा पडला होता, चिंधी घट्ट आवळून नुकतीच सोडली की पडतो तसा. मागं दोरीवर बाबांचा सदरा आणि धोतर वाळत होतं. बाबांचे कपडे तर आम्ही सगळे बांधून ठेवले होते.

मला लख्ख कळलं. बोट दुमडून बांधलं, सदरा चढवला, आणि धुक्यासारखं दिसणाऱ्या चाचांपुढे बाई उभी राहिली. आमच्याकडे बाईनं दुपट्ट्याखाली हात घालायचा नाही, तिनं नवऱ्याचा हात होऊन घातला. बागेसाठी! मला हसू आलं, रडू आलं, आणि भीतीही वाटली, कारण याला कायद्यात नाव आहे. फसवणूक. पण मी चहा प्यायले आणि गप्प बसले. फसवणुकीनं झालेला करार ज्याला फसवलं त्यालाच मोडता येतो, तिसऱ्याला नाही. चाचांना मोडायचा नव्हता. "मी जबान देल्ली आहे," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

दादा एकटाच विहिरीकडे गेला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा त्याचा चेहरा वेगळा होता. कावळे कधी उडाले आणि हात कधी दिला गेला, हे त्यानं चाचांना विचारून ताडून पाहिलं असावं. मला तो एवढंच म्हणाला, "राहू दे बाग. आई आहे तवरोक राहू दे." प्लॉटवाल्याला त्यानं त्याच दिवशी फोन केला. फळ उतरलं, गाड्या भरून गेल्या. झाडं उभी आहेत.

माझ्या मनात मात्र त्या करकोच्याचं कोडं कधीच नव्हतं, मला उत्तर माहीत होतं. वर्षभर मी आईला विचारलं नाही. तिची चोरी तिच्याजवळ राहू दिली. त्या मुलीनं वर्गात प्रश्न विचारला, तेव्हा मी तास मोडला तो आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी बागेत गेले. आई त्या मोठ्या झाडाखाली बसून गळालेली फळं टोपलीत भरत होती. दुपार होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "माय, तू वकील पाहिजे होतीस. बोट बांधून काय हात दिलास चाचांना! मी ओळखलं होतं त्याच दिवशी."

मला वाटलं, लाजेल, चापट मारेल. ती फळं भरतच राहिली.

"नातवाचा फोन आल्ता, आजोबा निंगाले म्हनून," ती म्हणाली. "मी म्हनलं, हाव, येऊ द्या, आहेत घरी. खोटं बोलली मी, पाप लागो तं लागो. तुमी नदीवर गेले. मी बोट बांधलं, त्यायचे कपडे घातले अन् इकडे आली. या गुडघ्याईनं वेळ लागला मले."

"मग?"

"मंग काय. मी पोचली तं चाचाचा हात दुपट्ट्यात होता. बोलून राहिला होता, हसून राहिला होता, बोटावरून. मी थ्या पपईपाशी उभी राह्यली."

मी पपईकडे पाहिलं. फार लांब नव्हती.

"दुपट्टा तं मी घाईत घरात खुंटीवरच विसरली होती ना," आई म्हणाली. "अन् तो असा होता पोरी, सपाट. चाचाच्या हातावर एक टोक, अन् दुसरं टोक तसंच वर. पडूनच नाही राहिलं खाली."

माझ्या हातातलं संत्रं मी खाली ठेवलं. बागेत कुठं काही वाजत नव्हतं. माझ्या पिशवीत तोच दुपट्टा होता, मी तो वर्षभर पोरांच्या हातांवर टाकत आले होते. मी विचारलं, "बाबा दिसले तुला?"

आईनं टोपली बाजूला सारली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज फुटला.

"थेच तं व! चाचाले धड दिसत नाही, त्याले दिसले. त्याच्या हातात हात देल्ला, अंगठा देल्ला. मी इतं उभी, त्यायचे कपडे घालून, बोट बांधून. मले नाही दिसले. बागेसाठी आले, अन् माह्याकडं पाह्यलंबी नाही."

ती रडत होती, रागानं रडत होती, नवरा जिवंत असताना रडायची तशी. मी तिचा हात हातात घेतला आणि माझा अंगठा तिच्या तळहातात रुतवला. तिनं लगेच हात ओढून घेतला.

"तुहा नको," ती म्हणाली, आणि पुन्हा फळं वेचू लागली.